पाणी देणाऱ्या बाया

प्रिय काकू,

तुझ्या वर्षश्राद्धाला मी आले नाही. काकांनी फोनवर सगळं सांगितलं. पान वाढलं, सगळं रीतसर झालं, तुला आवडायचा तो हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र कुणी वाढला नाही म्हणे. मी असते तर वाढला असता. त्या दिवशी मी जिनिव्हात होते आणि तिथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून अमरावतीला घरी येऊन बॅग न उघडताच लिहायला बसलेय.

तुला विचारलं असतं तर म्हणाली असतीस, "जाय मुकाट्यानं. मी काय आता पळून चालली?"

जगभरात पिकांवर जी औषधं फवारतात, ती कुणी कशी हाताळायची, कुणाला काय संरक्षण द्यायचं, याचे नियम तिथे लिहिले जातात. वीसेक देशांची माणसं एका लांब टेबलाभोवती बसतात. शेतमजूर बायांसोबत इतकी वर्षं काम केलं म्हणून मला बोलावलं होतं. आणि पहिल्याच सकाळी तुझ्या पुतणीने काय केलं असेल? टेबलावर माझ्या नावाची पाटी होती, पाटीमागे खुर्ची होती. पण शेजारी पांढऱ्या केसांचे दोन-तीन वडीलधारे गृहस्थ बसलेले. मी गुपचूप जाऊन भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले. ती मदतनिसांची रांग होती, हे मला मागाहून कळलं.

हसतेस ना? हस. तुझ्याच घरात वाढलेय मी.

तू सरपंच झालीस तेव्हा हिवरखेडात किती कौतुक झालं होतं! बायांसाठी राखीव जागा, निवडून तू आलीस, आणि ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसायचे काका. तू दारापाशी सतरंजीवर, पदर कपाळापर्यंत. कारण समोर सदस्य म्हणून माझे बाबा असायचे, तुझे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर सून खुर्चीवर बसत नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. सहीसाठी वही तुझ्यापर्यंत खाली यायची. तू सही करायचीस, वही परत वर जायची. दोन वर्षं हेच चाललं. मला तुझा राग यायचा, आज कबूल करते. कॉलेजात मी भाषणं ठोकायचे आणि घरी माझी सरपंच काकू जमिनीवर!

मग शेतावर मजुरीला जाणारी आपली नलूबाई पडली.

ते सगळे दिवस वाईटच होते. पाऊस नाही, बोंडात अळी, माणसं घाबरून हाताला लागेल ते औषध कपाशीवर मारायची. नलूबाई कुणाच्याच हिशेबात नव्हती. फवारणारे गडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर यायचे, ती विहिरीवरून पाणी आणायची, औषध कालवून पंप भरून द्यायची आणि संध्याकाळी त्यांचे ओले शर्ट धुवायची. त्या दिवशी तिसरा पंप भरतानाच ती मातीत कोसळली. अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस होती. जगली, पण हात थरथरायचे थांबले नाहीत. विषबाधेची मदत आली ती फवारणी करणाऱ्यांना. सरकारी साहेबांनी तिला विचारलं, फवारत होतीस का? ती खरं बोलली, "नाही जी, पाणी देत होती."

त्यानंतरच्या बैठकीला तू उठलीस, काकांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "उठा. सही माही हाय, तं खुर्ची बी माही हाय." बाबा समोर बसलेले. तू पदर सारखा केलास आणि बसलीस. पदर डोक्यावरून खाली आला नाही आणि तू खुर्चीवरून उठली नाहीस. बाबा उठून बाहेर गेले. महिनाभर त्यांनी तुझ्या हातचा चहा घेतला नाही. मग एका सकाळी स्वतःच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "सरपंचबाई, चहा मांडता काय?" तू आधण ठेवलंस आणि मागे वळून डोळे पुसलेस. मी पाहिलं होतं.

आता माझी चूक. ही मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही.

तू तालुक्याला अर्ज लिहायला मला बसवलंस. म्हणालीस, "लिव, पाणी देणाऱ्या बाया. औषध कालवणाऱ्या बाया. फवाऱ्याचे कपडे धुणाऱ्या बाया. त्याईले बी मदत पायजे." मला ते गावंढळ वाटलं. सरकारी कागदावर असं लिहितात का? मी शहाणीने लिहिलं, 'फवारणी करणारे व संबंधित मजूर'. तुला वाचून दाखवलं तेव्हा तू विचारलंस, "याच्यात नलू आली काय?" मी म्हटलं, आली. तू सही केलीस.

अर्ज दोन महिन्यांनी परत आला. पाणी देणाऱ्यांचा त्यात कुठेच उल्लेख नाही, असा शेरा होता.

तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. का नाही बोललीस? रागावली असतीस तर बरं झालं असतं. उलट दुसऱ्या दिवसापासून माझीच एक जुनी वही घेऊन घरोघर निघालीस. हिंदू वस्ती, मुसलमान मोहल्ला, सगळीकडे. मी लिहायचे, तू सांगायचीस. अमकी, काम पाणी देणे. तमकी, काम कपडे धुणे. तोवर तुझा काळ संपला, पुढच्या सरपंचाने वहीकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडेच राहिली.

जिनिव्हाला मी तीच वही घेऊन गेले होते. आणि भिंतीपाशी बसले होते!

त्या बैठकीच्या अध्यक्ष एस्तेरबाई. झांबियाच्या, काळ्या, ठसठशीत, साठीच्या पुढच्या. त्या टेबलाच्या टोकाला बाईमाणूस बसायची ही पहिलीच वेळ, असं मला तिथे कुणीतरी सांगितलं. त्यांनी रिकामी खुर्ची पाहिली, पाटीवरचं नाव वाचलं आणि सांगितलं की ही बाई जागेवर बसेपर्यंत काम सुरू होणार नाही. मला उठावंच लागलं. चहाच्या वेळी त्या हळूच म्हणाल्या, मीही पहिल्यांदा भिंतीलाच बसले होते. त्यांची आईही कपाशीच्या शेतात पाणीच वाहायची.

तिसऱ्या दिवशी मसुदा समोर आला. संरक्षण कुणाला? इंग्रजीत लिहिलं होतं, पण अर्थ शब्दाला शब्द माझाच. फवारणी करणारे व संबंधित मजूर. काकू, मी लगेच हात वर केला. मी म्हटलं, बायांची कामं नाव घेऊन लिहा. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ अगदी अदबीने म्हणाले, संबंधित मजुरांत त्या आल्याच की. हे उत्तर मला पाठ होतं. मी म्हटलं, "साहेब, हे शब्द मी स्वतः एकदा लिहिलेत. आमची नलूबाई त्यात मावली नाही." मग वही उघडली आणि नावं वाचत गेले. नाव आणि काम, बस्स. मधेच पेरू देशाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे हे मुली करतात. बांगलादेशच्या बाईंनी कपडे धुण्याचं सांगितलं. एस्तेरबाईंनी कुणालाच थांबवलं नाही.

दुपारी मसुद्यात ओळ बदलली. पाणी आणणारी, औषध कालवणारी, फवाऱ्याचे कपडे धुणारी. तुझीच ओळ, काकू. जी मला गावंढळ वाटली होती.

अजून शेवटची मोहोर बाकी आहे. पुढच्या वर्षी मोठी सभा बसेल, तिथे कुणी ती ओळ पुन्हा आखूड करायला बघेल. करू दे प्रयत्न. एस्तेरबाई टोकाला असतील आणि मी टेबलाशी असेन.

उद्या परतवाड्यावरून अकोट, तिथून हिवरखेड. आधी नलूबाईकडे जाईन. तिच्या हाताला अजून कप धरवत नाही, बशीत चहा ओतून द्यावा लागतो. तो देईन आणि ही ओळ आपल्या बोलीत वाचून दाखवीन. ती विचारेल, "याच्यात मी आली काय?" मागे एकदा तुझ्या याच प्रश्नाला मी न बघताच 'आली' म्हटलं होतं. या वेळी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवीन.

आणि तुला वचन देते, यापुढे तुझ्यासारखी कुणी सांगेल तेव्हा ती सांगेल तसंच लिहीन. शहाणपणा करणार नाही. तुझ्या पानात वाढायचा राहिला, तो ठेचाही उद्या मीच करते.

तुझी,
सुमी