बाबांच्या गालावरची लाली

सोमवार, ९ डिसेंबर. यवतमाळ, दवाखाना

‘उन्हासारखा वैद नाही, पोरी.’ टायफॉइडमधून उठले तेव्हा शांताआत्या म्हणाली होती. मी दहा वर्षांची. आज सकाळी सिस्टरनं पडदे ओढले तेव्हा आठवलं. बाबांना औषध प्यायला दिलं. त्यानं मूत्राशयातला कॅन्सर निळ्या उजेडात लाल चमकतो, कापताना बारीकसारीक सुटत नाही. पण कातडीही उजेडाला हळवी होते. दोन दिवस ऊन नको, खिडकीतलंही नको.

दुपारी ऑप. झालं. डॉ. म्हणाले, दिसलं तेवढं सगळं काढलं. खाली जाऊन एकटीनं दोन कप चहा प्यायले.

मंगळवार, १०

आत्याला बाबांपाशी बसवून अर्धा तास औषधं आणायला गेले. येते तर पलंग रिकामा. आत्यानं बाबांना गॅलरीत उन्हात बसवलेलं, लघवीची पिशवी तिच्या हातात.

‘आत्या, ऊन नाही सांगितलं होतं ना!’

‘ते दुपारचं. कोवळ्या उन्हानं काय होते? कुडकुडून राह्यलता माहा भाऊ.’

दुपारपर्यंत उजवा गाल, दोन्ही हात लालभडक. आत्या खूश. ‘पाह्य, कसा रंग आला नामदेवले!’ बाबा हसले. ती डबा धुवायला गेल्यावर मला हळूच, ‘आग आग होऊन राह्यली, माय. पण बाईले सांगू नको.’ आत्याला ते बाईच म्हणतात.

डॉ. रागावले. बाबांनी त्यांनाही सांगितलं, ‘मीच गेलतो बाहेर.’ थंड पट्ट्या, पडदे बंद. उतरेल म्हणाले.

गुरुवार, १२. नेर

काल अंधार पडल्यावर घरी आलो. लाली उतरतेय, मनगटावर साल निघतेय. आत्या काळजीत, ‘पुन्हा सुकला का रे?’

आजी गेली तेव्हा बाबा चार वर्षांचे. आत्यानं शाळा सोडून त्यांना वाढवलं. तिच्या हातून काही चुकलं, हे ते तिला कधीच कळू देणार नाहीत.

शुक्रवार, २०

रिपोर्ट आला. वरच्या अस्तरातच होतं. स्नायूपर्यंत गेलेलं नाही! फोन ठेवला आणि सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

‘चांगलं आहे म्हन्ते, मंग रडून काहून राह्यली?’ बाबा.

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघणार. तेच औषध. म्हणजे मार्च. आत्यानं आत्ताच जाहीर केलं, ‘तवाही मीच राहीन त्याच्यापाशी. माह्याच हातानं उठला तो.’ बाबांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवार, २१

दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलताहेत. आत्या त्यांना चिडवतेय, दाणे टोपलीत कमी आणि तोंडात जास्त जातात म्हणून. किती दिवसांनी हे ऐकतेय.

ती चहा ठेवायला आत गेली की विचारणार. नाहीच म्हणतील. तरी विचारणार. बाबा, आत्याला खरं काय ते सांगू द्या ना मला.