मुतखडा नव्हताच, आत्या

मंगळवार, ५ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील. इथे आई ठीक, मीही ठीक. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे शेजारणीकडून वाचून घ्यायला नको. मी शिकवलंय तसं बोट ठेवून वाच, आणि एकटीच वाच.

तू पाठवलेला काढा मिळाला. आता आणखी पाठवू नकोस. बाबांना मुतखडा नाही.

ती थाप बाबांचीच. क्रेनच्या केबिनमधून उतरायचं म्हणजे केवढी ती शिडी! लघवीला सारखं उतरायला नको म्हणून त्यांनी कामावर पाणी पिणंच सोडलं होतं. तरी उतरावं लागायचंच, आणि खालून मुकादम ओरडायचा, "काय हो, आज क्रेन चालवताय की शिडी?" आईनं विचारलं तेव्हा लाजेपोटी तोंडाला आलं ते सांगितलं : खडा आहे. झालं! आई तांब्या घेऊन मागे, तू काढा घेऊन. "मी माणूस आहे की हौद?" म्हणत बिचारे पीत राहिले.

त्यातच सर्दीची गोळी घेतली आणि लघवी पूर्ण अडली. घामाघूम झाले होते. दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला. प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढली आहे. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते, वयानं पुष्कळ पुरुषांची वाढते. यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते छताकडे बघत म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवतात का?"

"नाही, हे तुमच्यामुळे शिकले."

हसले गं!

नळी काढली, गोळ्या सुरू आहेत, त्रास बराच कमी आहे. इथपर्यंत सगळं चांगलं.

आत्या, रक्ताच्या तपासणीत एक आकडा जास्त आलाय. तो साध्या सुजेनंही वाढतो. पण डॉक्टरीणबाईंना ग्रंथीचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा आहे आणि बाबा तयार नाहीत. "आमचे वडील मुतखड्यानं गेले. आमच्यात ते दुसरं नाही," एवढंच धरून बसलेत. कॅन्सर हा शब्दही उच्चारत नाहीत.

आजोबांचं शेवटचं सगळं तू केलंस. त्यांच्या पाठीची हाडं इतकी दुखायची की ते बसूनच झोपायचे, हे तूच मला सांगितलं होतंस. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नुसत्या खड्यानं असं होत नाही. खात्रीशिवाय कुणावर आळ घेणं मला जमत नाही, म्हणून सरळ विचारते : तेव्हा डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं? धाकटा भाऊ घाबरेल म्हणून तू ते एकटीनंच गिळलंस का? तसं असेल तर मी तुला बोल लावणार नाही. तुझ्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

पण तो धाकटा भाऊ आता म्हातारा व्हायला आलाय. माझ्याशी ते वाद घालतात, तुझ्यापुढे त्यांचं तोंड उघडत नाही. रविवारी त्यांना फोन कर आणि खरं ते सांग. तुकडा काढायला सोमवारची वेळ मी घेतली आहे, कॉलेजात रजाही टाकली आहे. बहुधा काही निघणार नाही, आणि निघालं तरी आत्ताच कळलं तर त्यावर इलाज आहेत. मी आहे त्यांच्याबरोबर. बोलताना रडू आलं तर खुशाल रड, पण फोन ठेवू नकोस.

तुझीच,
आज एकही ओळ न खोडलेली
खोडरबर