प्रत्येक आकड्यातून एक वजा

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, शिक्षण सहावी नापास, धंदा लेथवर काम करणे आणि नसत्या उचापती करणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायकोला तो पटलेला नाही. मला सगळे खटपट्या म्हणतात, खालीही तेच नाव राहील. याआधी मी काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेत असेल ते पत्नीला. तिने चाळीस वर्षे माझी यंत्रे सहन केली. वाटाणे सोलायच्या यंत्राने छतावर पाडलेले हिरवे डाग तिने आता खुशाल पुसून घ्यावेत. पायाने उघडणारा नळ मात्र काढू नये. तिचे हात पिठाने भरलेले असतात म्हणून तो केला होता, हे मी तिला कधी सांगितले नाही.

कलम २. मागची खोली, लेथ आणि भिंतीवरची हत्यारेही पत्नीलाच, पण एका अटीवर. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, या खोलीचा उंबरठा ओलांडता कामा नये. मी गेल्यावर भेटायला आलाच तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवावे आणि पाणीही विचारू नये.

कलम ३. मेहुण्याला काहीही नाही. कारण लिहू नका असे वकीलसाहेब म्हणतात, म्हणून सविस्तर लिहितो. हा माणूस इंजिनिअरची पदवी घेऊन आला आणि आटे कसे पाडतात ते माझ्या लेथवर शिकला. पत्र्याची झाकणे कापणाऱ्या प्रेससाठी मी एक झडप बनवली होती. प्रेस खाली येण्याआधी ती पडते आणि बोटे आत जाऊ देत नाही. सहा वर्षे लागली. मेहुण्याने माझी वही एका दुपारी नुसती बघायला म्हणून नेली, आणि पुढच्या वर्षी ती झडप त्याच्या नावाच्या पेटंटसकट तो नोकरी करतो त्या कारखान्यात बसली. मी भांडायला गेलो तर म्हणतो, "भाऊजी, तुम्हाला साधं ड्रॉइंग तरी काढता येतं का?" बायको म्हणाली, "जाऊ द्या हो, घरातच राहिलं ना." ते वाक्य मी तिला माफ केलेले नाही.

कलम ४. माझी स्टीलची पट्टी पहिल्याच सेंटीमीटरला तुटलेली आहे. नवी न घेता मी एकच्या खुणेपासून मोजत आलो आणि पट्टीवर दिसेल तो आकडा वहीत लिहीत आलो. वजाबाकी डोक्यात. इंजिनिअरसाहेबांनी धड पट्टी घेतली आणि प्रत्येक माप एका सेंटीमीटरने मोठे केले. काही भाग बसेनात ते कानशीने घासून बसवले असणार. पण फट काही कुरकुर करत नाही. माझ्या झडपेखाली सहा मिलिमीटर फट आहे, त्याच्या झडपेखाली सोळा. सोळात बोट जाते.

कारखान्यात झडपेच्या उद्घाटनाला मला मागची खुर्ची दिली होती. फट मी तिथूनच ओळखली. बोललो नाही. मनात म्हटले, अडकेल यंत्र, होईल फजिती, उतरेल माज. तिसऱ्या आठवड्यात झाकणांच्या प्रेसवरच्या बाईची उजव्या हाताची दोन बोटे गेली. मेहुण्याने अहवालात तिचाच निष्काळजीपणा लिहिला. तरी मी गप्प. तोंड उघडले असते तर खरे माप त्याला आयते मिळाले असते. हे कारण मी अकरा महिने धरून बसलो. मला त्याची लाज वाटते, आणि ती वाटायला लावल्याबद्दल मेहुण्याचा आणखी राग येतो.

कलम ५. माझ्या वहीतल्या प्रत्येक आकड्यातून एक सेंटीमीटर वजा करावा. त्या कारखान्यात चुकीच्या मापाच्या बावीस झडपा आजही चालू आहेत. वकीलसाहेब म्हणाले, "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर अमलात येतं." मी एवढ्यात जाईन असे दिसत नाही. म्हणून हे कलम आजच लागू.

मागची खोली मी आधी त्या बाईच्या नावे लिहिली होती. काल तिला बोलावून सगळे सांगितले. वकीलसाहेबांनी समजावले की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

"मग खोली ठेवा तुमच्याकडेच, काका," ती म्हणाली. "मला सही करायचीय."

"अगं, लेथ अजून झकास चालतं."

"प्रेसही झकास चालते. कलम पाच मी उतरवून घेतलंय, उद्या भोंग्याआधी बावीसही प्रेसवर चिकटवणार. आणि तुम्ही गप्प बसलात हे लिहिलंय, ते तसंच राहू द्या. खोडलंत तर सही नाही."

खोडलेले नाही.

ठिकाण: घराची मागची खोली
तारीख: चौदा, सोमवार, सकाळी साडेसहा

सही: खटपट्या

साक्षीदार पहिला: वकील. खटपट्या आणि दुसरी साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: झाकणांच्या प्रेसवरची. सही डाव्या हाताने केली आहे, वाकडी आली तरी माझीच धरावी. मी आता कारखान्यात निघाले.