झुंबरबाईच्या फोटोखालच्या नावाबाबत

मी, तोताराम पुना बोरसे, वय ७६, धंदा फोटोग्राफी, राहणार भुसावळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कान थोडे गेलेत, डोळे शाबूत आहेत, आणि धंद्याला तेच लागतात.

१. राहते घर व खालचा स्टुडिओ मुलगा नीलेश यास. छत गळते, हे त्याला ठाऊक आहे.

२. कॅमेरे, दिवे, पडदे मुलगी दिपमाला हिला. डार्करूममध्ये माझ्याजोडीने तीच उभी राहिली. नीलेशने वाईट वाटून घेऊ नये.

३. धाकटा भाऊ नवल यास काही नाही. माझी पत्नी झुंबरबाई वारली तेव्हा दहाव्याला ठेवलेला फोटो पाहून हा चारचौघांत म्हणाला, "भाऊ, हाई वहिनी नही, कोनी परकी बाई वाटस." ते अजून गिळवत नाही. तसे त्याला का वाटले, हे मात्र सांगितले पाहिजे.

४. आमच्या रेल्वे कॉलनीत देशभरचे लोक. कुणाची बदली झाली की जाणारी बाई शेजारणीची साडी नेसणार, शेजारीण तिची, आणि दोघींचा जोडीने फोटो, असा आमच्या लायनीचा रिवाज. असे फोटो मी हयातभर काढले. ड्रायव्हर दासबाबूंची आसनसोलला बदली झाली तेव्हा त्यांच्या शेफालीबाई झुंबरबाईच्या नऊवारी लुगड्यात आणि झुंबरबाई लाल काठाच्या पांढऱ्या साडीत. तिचा हसतानाचा एवढाच फोटो. दहाव्याला त्यातलाच अर्धा मोठा करून ठेवला होता. फोटोग्राफरच्या बायकोचा दुसरा धड फोटो नाही, दिव्याखाली अंधार.

५. हे फोटो नीलेशने "एक देश, अनेक वेश" नावाच्या प्रदर्शनाला दिले. मांडणाऱ्यांनी कपडे पाहून चिठ्ठ्या चिकटवल्या. शेफालीबाई झाल्या "खान्देशी शेतकरी स्त्री" आणि आमची सोनगीरची झुंबरबाई "बंगाली गृहिणी". मी नीलेशला म्हटले, बाबा, नाव दुरुस्त कर. तो म्हणाला, "आबा, नाव बदललं तर बंगालची जागा रिकामी राहील. प्रदर्शन दिल्लीला चाललंय."

६. सर्व निगेटिव्ह व त्यांचे हक्क नीलेशला, एका अटीवर. त्या फोटोखाली "झुंबरबाई तोताराम बोरसे, सोनगीर" असे लिहिले जावे. माझ्या पश्चात तीन महिन्यांत ते न झाल्यास निगेटिव्ह दिपमालाकडे जातील, आणि तिने ते ज्याच्या त्याच्या घरी पोचवावेत. बंगालसाठी दुसरी बाई मिळेल. नीलेश, तुला आई एकच होती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि त्यात खाडाखोड नाही.

ठिकाण: भुसावळ
दिनांक: ९ डिसेंबर २०२४

(सही) तोताराम पुना बोरसे

साक्षीदार:

१. (सही) कौतिक वना महाजन, भुसावळ.

२. (सही) शेफाली दास, आसनसोल. सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने, आमच्याच बोलीत लिहिले ते असे: "बठ्ठं वाचीसन सही करी. फोटोमा डावी बाजूले शे ती झुंबर. तिना जोडे मी."