आईची काडी आणि तुझा फोन

प्रज्ञेश,

उरलेली हळद वाळत घालायला मी आन् आई शेतात चाललोय. टोपलीत चार भाकरी आहेत, पिठलं गरम करून घे. तुला उठवलं असतं तर माझ्या तोंडातून शिवीच निघाली असती, म्हणून लिहून ठेवते.

रोज चहाला तू एआयच्या बातम्या वाचून दाखवतोस, आमी हसतो बी. पण काल आईनं कढईतल्या हळकुंडाला काडी टोचली आन् म्हणली, "शिजली, काढा." तू फोटो काढून फोनला विचारलंस. तो कच्ची म्हणला म्हणून अजून पाऊण तास जाळ चालू ठेवलास. अर्धी हळद लगदा झाली. फोननं तरी लगेच माफी मागितली. तू अजून न्हाई.

लगद्याचा राग न्हाई मला. वीस वर्षं काडी टोचणाऱ्या आईला तू चारचौघांत म्हणलास, "ह्या कामाला आता माणूस लागत न्हाई." तुझ्या कंपनीनं तुला हेच सांगून घरी पाठवलं, तेव्हा तू दोन दिवस जेवला न्हाईस.

आईनं कालपासून घास घेतला न्हाई. टोपलीतल्या दोन भाकरी तिच्या आहेत. घेऊन ये.

करुणाताई