वडिलांसाठी ठरलेलं उद्दिष्ट

डुलूथ, १२ मे

प्रिय मारिटताई,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे खुशाल. तळ्यावरचा बर्फ गेला, माझा खोकला मात्र मुक्कामाला आहे.

परवा शाळेत ब्रिटाच्या वार्षिक आराखड्याची बैठक झाली. (पुढच्या वर्षी तिला कोणती जादा मदत द्यायची, ते तिथे ठरतं.) नऊ वर्षं मी या बैठकांना जातोय, रंगीत खुणांची जाड फाइल आणि लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन. फाइल धाक दाखवायला, वड्या तो धाक पुसायला. यंदा ब्रिटा चौदाची झाली म्हणून बैठक तिनेच चालवायची होती. मी तिला भाषण लिहून दिलं. ते तिने आठवणीने घरी ठेवलं.

तिचं मागणं एकच होतं: स्वयंपाकाच्या वर्गात शेजारी बसणारी मदतनीस नको. तिच्या शिक्षिका ऑस्टबीबाईंनी तिला विचारलं, का नको? तुला माहीत आहे, तिचे शब्द सावकाश येतात. तेवढ्यात मी सुरी, शेगडी आणि भाजणं यांवर (आकडेवारीसह) चार मिनिटं बोललो. मदत मिळावी म्हणून पोरीला काय काय येत नाही ते सांगत आलोय. त्यात मी इतका तयार झालोय की मध्येच मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "बाबा, प्रश्न मला होता."

मग तिने एक नवं उद्दिष्ट घालायला लावलं. शाळेत उद्दिष्ट मोजता यावं लागतं, म्हणून बाईंनी लिहिलं: ब्रिटाला कुणी काही विचारलं, तर वडील पाचपैकी चार वेळा दहा सेकंद गप्प राहतील. सध्याची पातळी: पाचपैकी शून्य. यावर तुझी काही हरकत आहे का, असं त्यांनी ब्रिटाला विचारलं. मी मोजणीच्या पद्धतीवर हरकत घेतली. बाईंनी माझ्या चुकांच्या मोजणीत आणखी एक रेघ ओढली.

सही केली. सप्टेंबरपासून मदतनीस नाही. घरी येऊन रोजनिशी उघडून लिहिलं: मला भीती सुरीची होती, की बिनकामाचा होण्याची? उत्तर आलं, लिहिलं नाही.

तुझा,
लेलंड

ता. क. रविवारी ब्रिटा स्वतः तुला फोन करील. जूनमध्ये आठवडाभर एकटीने तुझ्याकडे यायचं तिच्या मनात आहे. ती बोलायला वेळ घेईल, लाइन तुटली समजून फोन ठेवू नकोस. आणि हो म्हण.

ता. क. २. आत्याला ती स्वतःच विचारणार, मी मध्ये पडायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे हे पत्र धरून पुन्हा शून्य. रविवारी तुला काहीच ठाऊक नाही असं बोल. फार चकित मात्र होऊ नकोस. तुला नाटक जमत नाही आणि ती लगेच ओळखते.