ढेकळ्याच्या चालीने

प्रिय मैथिली,

रविवारी पुण्याहून यायचं आणि ढेकळ्याला घेऊन थेट मलंगगड चढायचा, हा तुझा बेत फोनवर ऐकला. तेव्हा नुसतं ‘बघू’ म्हणालो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून उत्तर लिहून पाठवतोय. नाही.

तुझा पाय प्लास्टरमध्ये अडकला आणि तुझं हे कुत्र्याचं पिल्लू आमच्या पदरात पडलं, तेव्हा ते ओंजळीत मावत होतं. आता नुसते पायच पाय झालेत. उत्साह तर विचारू नकोस. पण त्याचे डॉक्टर म्हणाले, हाडं कोवळी आहेत, वाढ पुरी होईपर्यंत उंच चढ नको, दगडांवरून उड्या नकोत. मला लगेच पटलं. मानपाड्याच्या आपल्या वर्कशॉपमध्ये नवा गिअरबॉक्स जुळवला की आम्ही तरी कुठे लगेच लोड देतो? आधी रिकामा फिरवायचा आणि कान लावून बसायचं.

तर लसी पूर्ण झाल्यापासून आम्ही उजाडताना खोणीपलीकडच्या बुटक्या टेकडीवर जातो. मातीची वाट, पट्टा सैल, पाण्याची बाटली माझ्या खांद्याला. धुक्यात कारखान्यांची धुराडी विरघळून जातात आणि गड खाली काहीच नसल्यासारखा तरंगत राहतो. ढेकळ्या गवताच्या तुऱ्यापाशी थांबला की मीही थांबतो. लहानपणी तूही अशीच थांबायचीस. खडे वेचायचीस आणि भरायचीस मात्र माझ्या खिशात.

परवा मोह झाला, थोडं वर गेलो, कातळ लागतो तिथवर. त्याची नखं दगडावर वाजत होती. टक, टक, टक आणि चौथं टक जरा हलकं. शेपूट जोरात हलत होती, बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मी तिथेच बसलो. पंजे तपासले, काटा नव्हता, गोचीड नव्हती, नुसता शिणला होता. मांडीवर झोपला. वारा गवतातून जात होता आणि त्याचा श्वास त्यातच कुठेतरी मिसळला होता. किती वेळ गेला, देव जाणे. मग उचलूनच खाली आणला. तुझी आई दारातच म्हणाली, “अहो, माझ्या गुडघ्यांसाठी कधी एवढं थांबला नाहीत!” डॉक्टरांनी ढेकळ्याला विश्रांती सांगितली. आता पठ्ठ्या ठीक आहे, चपला चावतो.

खरं सांगू का, हे पत्र त्याच्यासाठी नाही. गडाचा बेत सांगितलास त्या दिवशी तू फोन स्पीकरवर ठेवून घरात फिरत होतीस. “एकदम फिट आहे मी, बाबा,” म्हणालीस आणि हसलीस. तुझा डावा पाय फरशीवर हलका पडत होता, मैथिली. मी आईला सांगितलेलं नाही. तू रविवारी ये. गडाकडे टेकडीवरून बघू. ढेकळ्या थांबेल तिथे थांबू. तू थांबलीस तर का थांबलीस, ते आम्हा दोघांपैकी कोणीही विचारणार नाही.

खिसे रिकामे ठेवून वाट बघणारा,
तुझाच
बाबा